शनिवारी 19 ग्रावाची फेणी रविवारी सकाळी 18 ची कशी झाली

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मामेभावाचा फोन आला. "ताई, बाबा भट्टीकडे फिरकायलासुद्धा तयार नाहीत. चहापण घेतला नाही. तू जरा येऊन जा." गोव्यातल्या फोंड्याहून सत्तरी तालुक्यात पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. मामा पडवीच्या कडेला पाठ टेकून बसले होते. बाजूला फेणीने भरलेला काचेचा बुधला, त्याच्या गळ्यावर निळ्या मार्करची रेघ, आणि फेणी त्या रेघेच्या खाली.

मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवते. अकरावी-बारावीच्या मुलांना 'आंतररेणवीय बलं', म्हणजे रेणू-रेणूंमधली ओढ, हा धडा दर वर्षी शिकवते आणि दर वर्षी वाटत राहतं, की पोरं पाठ करतात पण त्यांच्या हाताला काही लागत नाही. त्या रविवारी माझ्याच माणसाच्या इभ्रतीचा प्रश्न त्या धड्यावर येऊन अडला. म्हणून हे सगळं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

काय घडलं होतं

मामांची भट्टी परवान्याची, आजोबांच्या काळापासूनची. काजूचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. बोंडू गोळा करायचे, तुडवून रस काढायचा, तो आंबला की भाणात, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यात, चढवायचा. पहिल्या धारेला हुर्राक ही हलकी दारू मिळते. हुर्राकात रस घालून पुन्हा चढवलं की फेणी. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला, पण त्याच्या बोंडूची ही दारू इथलीच. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये राज्य सरकारने तिला गोव्याचं वारसा पेय ठरवलं. मामांना यातलं काही सांगावं लागत नाही. त्यांच्या दृष्टीने फेणी म्हणजे घराचं नाव.

फेणीचा कस मोजतात ग्रावात. पोर्तुगीजमधला 'अंश' या अर्थाचा हा शब्द. साधन म्हणजे काचेची तरंगती नळी, खाली वजन, वर बारीक दांडी, दांडीत आकड्यांची पट्टी. ही पट्टी फ्रान्समधल्या कार्तिए यांच्या नावाची. तिच्यावर निव्वळ पाणी 10 दाखवतं आणि अल्कोहोल वाढेल तसा आकडा वर जातो. गावात त्या नळीलाही ग्रावच म्हणतात. चांगली फेणी 19-20 ची असावी असा रिवाज.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला नेहमीचं गिऱ्हाईक आलं. वाळपईकडे बार चालवणारा माणूस, कित्येक वर्षांची ओळख. त्याने स्वतःची ग्रावनळी लावून बघितली, मामांनी आकडा वाचला: 19. त्याच्याच 20 लिटरच्या बुधल्यात गळ्यापर्यंत फेणी भरली, त्यानेच रेघ मारली, बूच घट्ट बसवलं. दुचाकीवर बुधला नेता येणार नाही म्हणून अर्धे पैसे देऊन तो गेला. रविवारी पहाटे सहाला गाडी घेऊन आला. पाहतो तर फेणी रेघेच्या दोन बोटं खाली. ग्राव लावला तर 18.

"मामा, रात्रीत काढलीत आणि वर पाणी मारलंत?"

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी बाटलीत थोडी फेणी घेतली, तोंडावर अंगठा धरून दोन झटके दिले आणि बाटली त्याच्यासमोर धरली. फेणीच्या कडेने बुडबुड्यांच्या मोत्यांची माळ उभी राहिली आणि राहिलीच. "बघ. पाणी घातलेल्या फेणीला असे मोती धरतात?" त्याने बघितलं, पण आकडा काही पुसला जात नव्हता. बुधला तिथेच सोडून तो निघून गेला.

एकमेकांविरुद्ध दोन साक्षी

मला सगळ्यात आधी खटकलं ते हे, की मामेभावाच्या म्हणण्याप्रमाणे सकाळचे मोती आदल्या दुपारपेक्षा जास्त वेळ टिकत होते. म्हणजे नळी म्हणत होती फेणी उतरली, आणि मोती म्हणत होते फेणी पक्की आहे. पाणी घातलं असतं तर दोन्ही साक्षी एकाच बाजूला गेल्या असत्या. त्या उलटसुलट गेल्या, इथेच खरं उत्तर दडलं असणार असं मला वाटलं.

मोत्यांची परीक्षा हा जुन्या लोकांचा समज आहे, असं मीही पूर्वी म्हणत असे. आता म्हणत नाही. फेणी हे नावच मुळी फेसावरून आलं असं मानतात. संस्कृतातला फेन तो हाच. आणि ही परीक्षा फक्त आपल्याकडची नाही. मेक्सिकोत मेझ्काल ही तिथली दारू गाळणारे लोकही मोतीच बघतात. 2020 साली रॉबेर्तो सेनित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मोत्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. अल्कोहोलचं प्रमाण 50 टक्क्यांच्या आसपास असतं तेव्हा बुडबुडे सर्वात जास्त टिकतात, त्याहून पातळ किंवा त्याहून कडक झालं की लवकर फुटतात, असं त्यांना आढळलं. डोळ्यांनी मोजणारा माणूस जे बघत होता, ते कॅमेऱ्यालाही दिसलं.

असं का होतं हे कळायला रेणूंच्या ओढीपर्यंत जावं लागतं.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे हायड्रोजनच्या टोकाला थोडा धन प्रभार उरतो, आणि ते टोक शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढलं जातं. हा हायड्रोजन बंध. रेणूच्या आतल्या खऱ्या बंधाच्या मानाने तो फारच दुबळा, साधारण विसावा हिस्सा. पण पाण्याचा एक रेणू असे चार हात धरू शकतो, आणि सगळे धरतात. म्हणून 18 रेणूवजनाचं पाणी 100 अंशांना उकळतं, तर जवळपास दुप्पट वजनाचा हायड्रोजन सल्फाइड उणे 60 अंशांनाच वायू होतो.

अल्कोहोलची गोष्ट वर्गात मी नेहमी अशी सांगते. इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर या दोघांत अणू तेच आणि तेवढेच: दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. इथेनॉल 78 अंशांना उकळतं, ईथर उणे 24 ला. फरक इतकाच, की इथेनॉलमध्ये एक हायड्रोजन ऑक्सिजनला चिकटलेला आहे आणि शेजाऱ्याचा हात धरू शकतो. ईथरमध्ये तसा एकही नाही. एका हायड्रोजनच्या जागेमुळे शंभर अंशांचा फरक पडतो! भाणातून अल्कोहोल पाण्याच्या आधी जास्त प्रमाणात वर का येतं, त्याचंही मूळ इथेच. त्याचे रेणू एकमेकांना पाण्याइतके घट्ट धरून नसतात.

पण इथेनॉलच्या मागे दोन कार्बनांची तेलकट शेपटी असते आणि ती पाण्याला नकोशी असते. म्हणून पाण्यात अल्कोहोल घातलं की शेपट्या बाहेरच्या बाजूला, हवेकडे गर्दी करतात आणि पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाचा ताण, झपाट्याने उतरतो. 25 अंशांना पाण्याचा पृष्ठताण मीटरला 72 मिलिन्यूटन, इथेनॉलचा 22. पृष्ठताण उतरला की बुडबुडा सहज होतो. मात्र तो टिकायचा तर त्याच्या पापुद्र्यातलं द्रव सावकाश ओघळायला हवं. आणि इथे एक गंमत आहे, जी मला इतकी वर्षं शिकवूनही दर वेळी नवी वाटते.

20 अंशांना पाण्याची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा अडथळा, 1 धरली तर इथेनॉलची सुमारे 1.2. दोन्ही पातळ. मिसळले तर मधलं काहीतरी व्हावं असं कुणालाही वाटेल. पण वजनाने 40-45 टक्के अल्कोहोलचं मिश्रण 2.9 च्या आसपास जातं. दोघांच्या दुपटीहून जास्त घट्ट! अल्कोहोलचा ओएच गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, पाण्याला हात देतो, शेपटीभोवती पाण्याचे रेणू एकमेकांना जास्त आवळून धरतात, आणि या गुंत्यातून कुठल्याही रेणूला सरकून पुढे जाणं अवघड होतं. चांगल्या फेणीचा कस या शिखराच्या अलीकडच्या चढावर बसतो. म्हणून तिचे मोती टिकतात, आणि पाणी घातलं की आपण चढावरून खाली उतरतो.

पूर्ण खरं सांगायचं तर निव्वळ घट्टपणाने भागत नाही. रसातून आलेले, पृष्ठभागावर जाऊन बसणारे अगदी अल्प पदार्थही बुडबुड्याला धरून ठेवतात. आमच्या प्रयोगशाळेत शुद्ध अल्कोहोल आणि ऊर्ध्वपातित पाणी मिसळून मी मोती करून बघितले आहेत. होतात, पण फेणीसारखे उभे राहत नाहीत.

पडवीतला प्रयोग

शाळेतून तापमापी, 500 मिलीलिटरचं मोजपात्र आणि पट्टी बरोबर नेली होती. ग्रावनळी त्या गिऱ्हाइकाचीच वापरली, कारण दुसरी वापरली असती तर नवा वाद झाला असता. रागाच्या भरात तो ती बुधल्याशेजारीच विसरून गेला होता.

मोजपात्र फेणीने भरलं आणि बादलीत विहिरीचं पाणी आणि मामीने दिलेला बर्फ घालून त्यात उभं केलं. फेणी 24 अंशांवर आली तेव्हा नळी सोडली. ती डुलली, स्थिर झाली. 18. मग बादलीतलं पाणी बदलत गेलो. 29 ला साडेअठराच्या जवळ. 34 ला 19. मामा एव्हाना उठून माझ्या खांद्यावरून बघत होते. तीच फेणी, तेच पात्र, तीच नळी, थेंबभरही पाणी नाही. "म्हणजे उन्हात मोजली तर कडक, आणि थंडाव्यात मोजली तर हलकी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मामा, फेणी तेवढीच राहते. नळी फक्त तिची घनता बघते. कस तिला कळतच नाही."

नळी किती बुडते हे द्रवाच्या घनतेवर ठरतं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून कस वाढला की नळी जास्त बुडते. पण द्रव तापलं तरी ते फुगतं, हलकं होतं आणि नळी तेवढीच खाली जाते. 20 ते 30 अंशांत पाणी जेमतेम पाव टक्का फुगतं, कारण त्याच्या रेणूंनी चारही हातांनी एकमेकांना धरलेलं असतं. इथेनॉल एक टक्क्याहून जास्त फुगतं. फेणी दोघांच्या मध्ये, पाऊण टक्क्याच्या आसपास. आकड्यात हे केवढं पडतं ते बघा: 20 अंशांसाठी आखलेल्या टक्केवारीच्या नळीने 30 अंशांच्या दारूत 45 टक्के दाखवले तर खरे निघतात 41 च्या जवळपास. एप्रिलमध्ये सत्तरीत दुपार आणि पहाट यांच्यात दहा अंशांचा फरक सहज असतो. एक ग्राव तिथे गेला होता.

बुधल्यातली दोन बोटंही तिथेच गेली होती. 20 लिटरचे पाऊण टक्का म्हणजे दीडशे मिलीलिटर. बुधल्याचा गळा आतून आठ सेंटिमीटर रुंद, म्हणजे पन्नास चौरस सेंटिमीटरांचा. दीडशे भागिले पन्नास, तीन सेंटिमीटर. मी पट्टी लावली, मामांनी शेजारी आपली दोन बोटं धरली. हे गणित मी त्यांच्यासमोर खडूने पडवीच्या जमिनीवर केलं. ते शाळा चौथीपर्यंतच शिकलेले, पण भागाकार त्यांनी माझ्याआधी केला.

एक बारीक गोष्ट आणखी सापडली. अल्कोहोल काचेला चिकटून दांडीवर किंचित चढतं आणि तिथे छोटीशी वाटी तयार होते. मामा वाचतात त्या वाटीच्या वरच्या कडेला, गिऱ्हाईक वाचतं सपाट पृष्ठभागाला. फरक अगदी थोडा, पण भांडण आधीच पेटलेलं असलं की तेवढाही पुरतो.

मग मोती. हा भाग मी मुद्दाम मामांच्या हातात दिला, कारण तसे झटके मला जमत नाहीत. तीन सारख्या बाटल्या घेतल्या. पहिलीत फेणी, विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवलेली. दुसरीत तीच फेणी, उन्हात ठेवलेली. तिसरीत फेणीला दहावा हिस्सा पाणी, विहिरीच्याच पाण्यात. भावाने मोबाईलवर चित्रण केलं. मामांनी दोन-दोन झटके देऊन बाटल्या ओळीत ठेवल्या. उन्हातल्या बाटलीत मोठे, पातळ मोती आले आणि बघता बघता एकामागून एक फुटत गेले. थंड बाटलीत माळ कडेला चिकटून राहिली. मधला एखादा मोती फुटला की शेजारचे सरकून जागा भरत. पाणी घातलेलीत थंड असूनही माळ धरलीच नाही, कडेला चार-दोन मोती आले आणि गेले. चार वेळा केलं. चारही वेळा क्रम तोच.

थंडीत मोती टिकतात त्याचं कारण तेच, रेणूंची पकड. 20 अंशांना 2.9 च्या घरात असलेली विष्यंदिता 30 ला 2 च्या आसपास उतरते. द्रव गार होतं तसे रेणू कमी धावपळ करतात, हायड्रोजन बंध जास्त वेळ टिकतात, पापुद्र्यातलं द्रव सावकाश ओघळतं. त्याच थंडाव्याने घनता वाढून नळी वर येते आणि आकडा उतरतो. म्हणजे रविवारी पहाटे दोन्ही साक्षी खऱ्याच बोलत होत्या. दोघी एकाच गोष्टीबद्दल सांगत होत्या, ती म्हणजे रात्र गार होती. फेणीच्या कसाबद्दल त्यांनी काही सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी बुधल्यातली फेणी निळ्या रेघेच्या बोटभर खाली आली होती. रेघेपर्यंत पोचली नाही, कारण एवढं द्रव सावकाश तापतं आणि पडवीत ऊन येत नाही. मी कागदाची पट्टी चिकटवून खूण केली आणि मुक्काम केला. सोमवारी सहाला फेणी पुन्हा दोन बोटं खाली होती. वर चढलेलं परत खाली आलं होतं. जे उडून गेलं किंवा कुणी काढून घेतलं, ते असं वर येत नसतं.

हिशेब

गिऱ्हाईक सोमवारी सकाळी आलं, आपली नळी न्यायला. त्याला मी काहीच समजावून सांगितलं नाही. बादली, बर्फ आणि गरम पाणी त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, तुमच्याच हाताने करा. त्याने केलं. 18 वरून 19 वर जाताना तो नळीकडे असा बघत राहिला की मला माझ्या वर्गातली मुलं आठवली. मग तो मामांकडे वळला. "मामा, माझं चुकलं. तसं बोलायला नको होतं." मामा म्हणाले, "तू आकडा वाचलास, तो खोटा नव्हता." त्यांनी मामीला चहा टाकायला सांगितलं.

एक प्रश्न मात्र उरला आणि तो दोघांनाही अडचणीचा आहे. मग खरा आकडा कोणता, दुपारचा की पहाटेचा? दोन्ही नव्हेत. ग्रावनळी एका ठराविक तापमानासाठी आखलेली असते आणि त्या तापमानालाच खरं बोलते. या नळीवर ते कुठेच छापलेलं नव्हतं. जुन्या नळ्या थंड देशांच्या मोजमापाने केलेल्या, तेव्हा आपल्या दुपारी त्या कस फुगवूनच सांगणार. दुपारी मोजून विकणारा आणि पहाटे मोजून घेणारा, दोघेही प्रामाणिक असले तरी एका ग्रावाच्या भावाने भांडत राहणार. भाव ठरतो ग्रावावर, आणि भट्टीवर तापमापी मी आजवर एकाही घरी पाहिलेली नाही. मला हे मनापासून लागतं. हंगामभर निखाऱ्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसावर खोटेपणाचा आळ यावा, तो अशा एका काचेच्या नळीमुळे.

त्या दिवशी दोघांनी तोडगा काढला तो साधा होता. मोजायची ती 30 अंशांना, म्हणजे विहिरीच्या पाण्यात किंवा उन्हात ठेवून तिथे आणायची, आकडा सपाट पृष्ठभागाला वाचायचा, आणि गळ्यावर रेघ मारली की शेजारी तापमान लिहायचं. या फेणीचा 30 चा आकडा आला साडेअठराच्या किंचित वर. 19 चा भाव मामांनीच सोडला. गिऱ्हाईक नको म्हणत होतं, पण त्यांनी ऐकलं नाही.

माझी तापमापी मी तिथेच ठेवून आले. परवा भावाने फोटो पाठवला. भट्टीच्या भिंतीवर कोळशाने दोन ओळी लिहिल्या आहेत, अक्षर मामांचं: '24 ला 18. 34 ला 19.' खाली तापमापी खिळ्याला सुतळीने टांगलेली, आणि भाणाची झळ लागू नये म्हणून तिच्यामागे नारळाच्या झावळीचा तुकडा लावलेला.